बारीक औषध

यापुढे मानवजातीचं भवितव्य मोठ्या वस्तू ठरवणार नाहीत, डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू ठरवतील.

देवानंद तायडेच्या प्रबंधाची सुरुवात या वाक्यानं होत होती, आणि त्याच्या शेजारी समासात मार्गदर्शक संजीवनी मॅडमनी लाल पेनानं विचारलं होतं, 'असं कोण म्हणतं?' देवानंदनं बरेच दिवस संदर्भ शोधला. असं तोच म्हणत होता, दुसरं कोणी सापडलं नाही.

देवानंद नांदुऱ्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा, तासिका तत्त्वावर. या तत्त्वाचा अर्थ इतकाच, की घंटा झाली की मास्तर संपला. कायम व्हायचं तर पीएच.डी. पाहिजे, आणि ती त्यानं सुरू केली तेव्हा त्याच्या डोक्यावर सगळे केस होते. लग्नात सासऱ्यांनी मोठ्या हौसेनं दारावर लावायला पितळी पाटी करून आणली होती. जावई आता डॉक्टर होतच आला, असं मध्यस्थानं त्यांना सांगितलं होतं, म्हणून नावाआधी 'डॉ.' कोरूनच आलं. खोटं नको म्हणून देवानंदनं त्या अक्षरावर आणि त्याच्या टिंबावर काळी चिकटपट्टी मारली. उन्हानं ती सुटायची आणि दर दिवाळीला नवी लागायची. मुलगी दहावीत गेल्यापासून हे काम तिच्याकडे होतं. आकाशकंदील, पणत्या आणि पप्पांची पट्टी.

विषय मात्र चांगला होता: झिंक ऑक्साईडचे नॅनोकण वापरून पिकांवरची बुरशी रोखणे. नॅनोकण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारभर सहज मावतील. ते वनस्पतीच्या पाल्याच्या अर्कात बनवायची सध्या रीत आहे. कडुनिंब, तुळस, शेवगा, कोरफड, पेरू, एवढंच काय बाभूळही महाराष्ट्रभरच्या तासिका तत्त्वांनी आधीच उकळून संपवली होती. देवानंदच्या वाट्याला तरोटा आला, म्हणजे टाकळा, फुकटची रानभाजी. पावसाळ्यात गावाबाहेर जिथे माणसं सकाळी जातात तिथे तो भरपूर उगवतो. पिशवी घेऊन तरोटा तोडणारे सर पाहून लोकांनी आधी कुजबूज केली, मग पगाराचा अंदाज बांधून सहानुभूती दाखवली.

काचेच्या बशीत त्याच्या कणांनी बुरशी मारली. वर्षानुवर्षं मारली, वेगवेगळी मारली, आलेख काढून मारली. संजीवनी मॅडम एवढंच म्हणाल्या की बशीत फिनाईलनंही मरते, शेतात दाखवा. विद्यापीठानं मुदत वाढवायची तेवढी वाढवून झाली होती. हा शेवटचा हंगाम. यात शेतातला निकाल मिळाला तर प्रबंध, नाही तर नोंदणी रद्द आणि पट्टी कायम.

शेत मिळालं मोताळ्याच्या पुढे, धामणगाव बढ्याला, पुंजाजींचं. पुंजाजी साठीकडे झुकलेला, मिरची करणारा, गावात शब्दाचा पक्का म्हणून ओळखला जाणारा माणूस. पक्का शब्दच देवानंदला हवा होता. शेतातले प्रयोग कशानं बुडतात हे त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं. तुलनेसाठी एक ओळ बिनऔषधाची ठेवायची असते, आणि शेतकऱ्याला ती बघवत नाही. तो कधीतरी हळूच तिच्यावरही फवारतो आणि मग दोन्ही ओळी सारख्या हिरव्या. देवानंदनं पुंजाजींना बसवून हे समजावलं. बाकीच्या मिरचीवर तुमचं नेहमीचं औषध मारा, धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या दोन ओळी माझ्या. एकीवर माझं औषध, दुसरीला काही म्हणजे काही नाही.

"म्हंजे उपाशी ठेवाची," पुंजाजी म्हणाले.

"हाव. मेली तरी."

पुंजाजींनी मारुतीच्या देवळाकडे बघून शब्द दिला. ही उपाशी ओळ नेमकी रस्त्याकडेला आली. येणाजाणारा प्रत्येक जण थांबून विचारू लागला, की घरचं भांडण शेतात आणलं का, या ओळीनं काय बिघडवलं तुमचं. पुंजाजींनी ऐकून घेतलं आणि ओळीला हात लावला नाही. शब्द म्हणजे शब्द. देवानंदला त्यांच्याविषयी इतका आदर वाटला की बाकीचं काही तपासावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

शब्द दिला त्या पहिल्या दिवशी चहा होईपर्यंत पुंजाजींनी गळ्यातला दुपट्टा बाजूला करून मानेवरचं गजकर्ण दाखवलं. रुपयाएवढं लाल कडं, शेजारी दोन पोरकी कडी. असंच कमरेलाही आहे, घाम आला की जीव जातो, म्हणाले. डॉक्टरसाहेबांकडे यावर काही असेल तर बरं.

"मी त्यातला डॉक्टर नाही, काका," देवानंद म्हणाला. खरं तर तो कशातलाच नव्हता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"बुरशीचे हाये ना तुम्ही?"

"पिकांच्या."

गीताबाई, म्हणजे पुंजाजींची बायको, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं, कप ठेवले आणि आत गेल्या. पुंजाजींनी दुपट्टा परत गळ्याभोवती घेतला. एवढीशी बाटली सबंध ओळीला कशी पुरणार, ही त्यांची पुढची शंका होती. इथे देवानंद खुलला. वर्गात त्याला असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यानं विद्यापीठाची भाषा बाजूला ठेवली.

"काका, याच्यातला कन किती बारीक हाये माहित हाये का? तुमच्या या दुपट्ट्यातून, कागदातून, पानाच्या कातडीतून, कशातूनही आरपार निंघून जाते. त्याले अडवनारं कापड अजून कोनं विनलं नाई."

पुंजाजींनी दुपट्ट्याचं टोक बोटांत चोळून पाहिलं आणि मान डोलावली. आपण आज विज्ञान शेतापर्यंत पोचवलं, असं मोटरसायकलवरून परतताना देवानंदला वाटलं. पोचवलंच होतं, जरा जास्तच.

औषध तयार करायची पद्धत अशी होती. कणांची पांढरी भुकटी पाण्यात टाकली की कण एकमेकांना चिकटून गोळे धरतात. ते सुटे करायला ध्वनिलहरींचं यंत्र लागतं. कॉलेजात ते होतं. उद्घाटनाच्या दिवशी चाललंही होतं. त्यानंतर देवानंदनं स्टेशनाजवळचा शकूर घड्याळजी गाठला. शकूरभाईकडे घड्याळांचे भाग धुवायचं तसंच छोटं यंत्र होतं. जाळीत एरवी काटे आणि चाकं असायची, तिथे देवानंदची बाटली बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, की हे कुणाच्या घड्याळाचं पाणी. शकूरभाई सांगायचा, सरांचा टाईम खराब हाये, तो धुऊन राह्यलो.

बाटली निघायची ती दुधासारखी. शकूरभाई ती उजेडात धरायचा. "पाहा सर, एकदम म्हशीचं. आता हे दूध मोताळ्यालोग दूधच राहीन का दही होईन, ते मले विचारू नका. मी घड्याळाची गॅरंटी देतो."

देवानंद हसायचा. कण पुन्हा गोळे धरतात हे त्याला शकूरभाईच्या आधीपासून माहीत होतं. प्रबंधात त्यावर एक परिच्छेदही होता. लांबतंय म्हणून मॅडमनी तो काढायला लावला होता. म्हणून बाटलीवर त्यानं मोठ्या अक्षरात 'जोरात हलवून वापरा' असं चिकटवलं आणि विषय मिटवला.

फवारणीला तो स्वतः कधीच हजर नसे. फवारणी सकाळी करायची आणि सकाळीच त्याचे तास. तास बुडाला तर मानधन बुडतं आणि वर प्राचार्यांचं तोंड बघावं लागतं. तो आदल्या संध्याकाळी बाटली पोचवायचा आणि मग रविवारी जाऊन पानं बघायचा.

दसऱ्यानंतर थंडी पडली आणि मिरचीवर भुरी आली. भुरी म्हणजे पानाच्या खालच्या अंगाला धरणारी पांढरी बुरशी, जिनं पानं पिवळी पडून गळतात. देवानंदला आनंद झाला. रोगाशिवाय प्रयोग कसा. उपाशी ओळ ठरल्याप्रमाणे झडायला लागली. मग त्यानं आपल्या ओळीतलं एक पान उलटलं. खाली सुंदर, एकसारखा पांढरा थर. फवारा पानाच्या खालपर्यंत पोचला म्हणजे पुंजाजींचा हात काय असेल, याचं त्याला कौतुक वाटलं. त्यानं दहा-बारा फोटो काढले, मॅडमना पाठवले, खाली लिहिलं, 'उत्कृष्ट आच्छादन'. मग अंगठ्यानं थर पुसून बघितला.

ती भुरी होती.

फोटो परत घेता येतात का, हे त्यानं रस्त्यातच मोबाईलमध्ये शोधलं. मॅडमनी तोवर पाहिले होते. त्यांचं उत्तर आलं, 'हा रोग की औषध?'

पुढचे रविवार असेच गेले. दोन्ही ओळी बरोबरीनं आजारी पडत होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. नेहमीचं औषध मिळालेली बाकीची मिरची मजेत होती, आणि त्यामुळे देवानंदच्या दोन ओळी रस्त्यावरून आणखीच ठसठशीत दिसायच्या. आता लोक विचारायचे, की एक उपाशी कळली, पण ही दुसरी जेवून अशी का. पुंजाजी म्हणायचे, तिले डॉक्टर लागलेला हाये.

देवानंदनं मात्रा वाढवली. तरोटा बदलून दुसऱ्या नाल्याकडचा आणला. शकूरभाईच्या यंत्रात बाटली दुप्पट वेळ ठेवली, इतकी की ती गरम झाली आणि शकूरभाईनं चहाला वापरू का विचारलं. हवेला दोष दिला, दवाला दिला, मिरचीच्या वाणाला दिला. एकदा तर रात्री जेवताना त्यानं झिंक या धातूलाच दोष दिला. बायको म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे का, तसं सांगा.

फोनवर मॅडम थंड होत्या. कण चालत नाहीत हाही एक निष्कर्षच असतो, म्हणाल्या. देवानंदला बरं वाटलं. मग त्यांनी वाक्य पुरं केलं, की त्यावर पदवी मात्र मिळत नाही.

शेवटची फवारणी उरली होती. देवानंदनं आयुष्यात पहिल्यांदा मानधन बुडवलं आणि न सांगता सकाळी सहाच्या सुमाराला नांदुऱ्याहून निघाला. मोताळ्याच्या पुढे कपाशीचा ट्रॅक्टर आडवा होता, तरी तो वेळेत पोचला. पुंजाजी विहिरीजवळ होते. त्यांनी बाटली हलवली. खूपच मन लावून, दोन्ही हातांनी, खाली बसून आणि उभं राहून हलवली. देवानंद पेरूच्या झाडाआडून हे बघत होता आणि त्याला पुन्हा त्या माणसाविषयी आदर वाटला.

मग पुंजाजींनी बाटली बादलीतल्या पाण्यात ओतली, ढवळली, गळ्यातला दुपट्टा काढला, त्याच्या चार घड्या करून पंपाच्या तोंडावर ताणून धरला, आणि बादली हळूहळू त्यावर रिकामी केली. शेवटी दुपट्टा पिळला. पिळताना घट्ट पांढरं काही तरी घड्यांत बसलेलं दिसलं, चक्का बांधल्यासारखं. पुंजाजींनी ते झटकलं, दुपट्टा पुन्हा गळ्यात टाकला आणि स्वच्छ पाण्याचा पंप पाठीवर घेतला.

देवानंद झाडाआडून बाहेर आला. थोडा वेळ त्याला कोणत्या भाषेत बोलावं ते कळेना.

"काका, हे काऊन गाळून राह्यले तुम्ही?"

पुंजाजी दचकले नाहीत. दरवर्षी सगळीच औषधं गाळतो, म्हणाले. एकदा पंपाचं नोझल भर शेतात अटकलं होतं, ते फुंकताना औषध तोंडात गेलं, आणि मोताळ्याच्या दवाखान्यात नाकात नळी घातली होती. तेव्हापासून या घरात पंपात काही बिनगाळलेलं जात नाही. देवाचं पाणीही जाणार नाही.

"पन माह्यं औषध अडकलं ना त्याच्यात."

"अडकलं कसं?" पुंजाजींनी पंप खाली ठेवला. आता त्यांनाही वाईट वाटायला लागलं होतं, पण न्यायाची बाजू त्यांची होती. "तुम्हीच तं सांगतलं, साहेब. असं कापडच नाई म्हने जगात. मले वाटलं अडकून राह्यला तो गाळ असन. औषध तं निंघून गेलं."

एकेकटा कण गेलाही असता, पण वाटेत कणांनी गोळे धरून शकूरभाईनं सांगितलेलं दही झालं होतं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला. सबंध हंगामभर एका ओळीला काही मिळालं नव्हतं आणि दुसरीला विहिरीचं पाणी मिळालं होतं. दोन्ही ओळी सारख्या का दिसतात याचं हे अगदी शास्त्रशुद्ध कारण होतं. हे मॅडमना कोणत्या शब्दांत कळवावं याची त्यानं मनात जुळवाजुळव केली. 'औषध शेतात पोचलं नाही.' मग कुठे पोचलं, त्या विचारतील.

त्यानं सहज वर बघितलं. पुंजाजी शेजारी येऊन उभे होते, ओल्या दुपट्ट्यानं कपाळ पुसत. त्यांची मान त्याच्या डोळ्यांसमोर होती. मानेवर काहीच नव्हतं.

"काका, ते गजकर्ण?"

पुंजाजींनी मानेवरून हात फिरवला. बरेच दिवस झाले, गेलं, म्हणाले. आपोआपच गेलं.

देवानंद उठून उभा राहिला. झिंक ऑक्साईड. बुरशी. कापडातून कातडीला, दिवसरात्र, सगळा हंगाम. गजकर्ण ही बुरशीच. मिरचीवर नसेल झालं, पण झालं. इतक्या वर्षांची शिस्त मात्र एकदम सुटत नाही. त्यानं तुलना मागितली. कमरेचं कसं आहे? दुपट्टा तर गळ्यात असतो.

पुंजाजींनी सदरा वर करून दाखवला. कंबरही साफ होती. देवानंद खचला. मग पुंजाजी म्हणाले, कामाच्या वेळी दुपट्टा कमरेलाच बांधतो ना.

देवानंदनं मोबाईल काढला. जून महिन्यात पुंजाजींना ओळीशेजारी उभं करून घेतलेला फोटो त्यानं बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. दुपट्ट्याच्या वर अर्धं लाल कडं स्पष्ट दिसत होतं. आधीचा पुरावा. त्यानं तिथूनच मॅडमना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मॅडमनी आधी फोटोची तारीख विचारली. मग म्हणाल्या, विषय थोडा फिरवावा लागेल, पण कापडावरचे नॅनोकण हा विषय चांगला आहे, समितीशी बोलून मुदतीचं बघता येईल. ते कापड तेवढं धुऊ देऊ नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आणा.

देवानंदला पितळी पाटी दिसली. दुपारच्या उन्हात लखलखणारी, उघडी.

पुंजाजींच्या घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या पुढे गेली होती, कारण पुंजाजींनी रस्त्यात भेटलेल्या दोघांना मान दाखवली होती. ओट्यावर सहदेव नावाचा शेजारी पायाचा अंगठा दाखवायला बसला होता, आणि मागून एक म्हातारबा कानामागचं काहीतरी घेऊन येत होते. देवानंदनं दोघांना तपासलं. नीट तपासलं, उजेडाकडे वळवून. त्यातला डॉक्टर नाही, असं तो या वेळी म्हणाला नाही. सहदेवला त्यानं एवढंच सांगितलं, की थोडा धीर धरा, प्रयोगशाळेचं काम पुरं होऊ द्या. सहदेवनं डॉक्टरसाहेब म्हणून हात जोडले. देवानंदनं ते ऐकून घेतलं.

मग त्यानं गीताबाईंकडे एक कोरी प्लॅस्टिकची पिशवी मागितली. कशाला, असं त्यांनी विचारलं. त्यानं सांगितलं, अगदी सोपं करून: काकांचं गजकर्ण या दुपट्ट्यातल्या औषधानं गेलं, म्हणून दुपट्टा तपासायला न्यायचा आहे.

गीताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, दुपट्ट्याकडे बघितलं. मग आत गेल्या. देवानंदला वाटलं पिशवी आणायला गेल्या. त्या परत आल्या तेव्हा हातात एक ट्यूब होती, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली, जवळजवळ संपलेली.

"आमच्या यायले लावाचा कंटाया," त्या म्हणाल्या. "म्हून हे झोपले का मीच लावून देवो. मानेले आन् कमरेले."

पुंजाजींनी मानेवर हात नेला. त्यांनाही ही बातमी नवीन होती.

कधीपासून, असं देवानंदनं विचारलं.

"तुम्ही पहिल्या खेपीले आलते ना, तवापासून. तुम्ही म्हनले नाई का, मी त्यातला डॉक्टर नाई. मंग म्हनलं, मेडिकलातूनच आनाव."

सहदेव ओट्यावरून उठला आणि ट्यूबचं नाव वाचायला पुढे आला. देवानंदनं ती त्याच्या आधी घेतली. मागच्या बाजूला घटक छापलेले होते, फार बारीक अक्षरात. त्यानं चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचले.

त्यात झिंक नव्हतं.